लॅपटॉपवर प्रोटॉन : कोल्हापुरात बसून लॅटिस क्यूसीडीची सुरुवात कशी करावी

एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, किंवा पदवी हातात पडल्यावर 'पुढं काय' म्हणत राजारामपुरीत चहा पिणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. क्वार्क आणि ग्लुऑन यांच्यातल्या बलाचा सिद्धान्त म्हणजे क्यूसीडी. तो जाळीवर मांडून यंत्रावर सोडवायचा, ही झाली लॅटिस क्यूसीडी. क्वांटम मेकॅनिक्स नीट झालेलं असावं, पायथॉन बऱ्यापैकी लिहिता यावं आणि लिनक्सची भीती नसावी. क्वांटम फील्ड थिअरी येत असेल तर सोनंच, पण तिच्यावाचून सुरुवात अडत नाही. सुपरकॉम्प्युटर तर पहिले काही महिने लागतच नाही. हा विषय मुंबई-बेंगळुरूच्या मोठ्या संस्थांतल्याच लोकांचा, असा आपल्याकडे समज आहे. शेवटच्या टप्प्यापुरता तो खरा आहे. पहिल्या टप्प्यापुरता मुळीच नाही.

प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही (कणांची वस्तुमानं आणि ऊर्जा मोजायचं एकक). त्यातल्या दोन अप आणि एका डाऊन क्वार्कची स्वतःची वस्तुमानं मिळवली तर बेरीज जेमतेम ९ एमईव्ही होते. उरलेलं सगळं क्वार्कच्या धावपळीतून आणि ग्लुऑनच्या क्षेत्रातून येतं. स्पिनचीही तीच तऱ्हा. १९८८ साली सर्नमधल्या युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशननं मोजमाप प्रसिद्ध केलं, तेव्हा क्वार्कच्या स्पिनमधून प्रोटॉनच्या स्पिनचा थोडाच वाटा निघतो असं दिसलं. या गोष्टी कागदावर सुटत नाहीत, कारण फर्मीभर (१०⁻¹⁵ मीटर) अंतरावर क्यूसीडीचं बल इतकं जोरदार असतं की पदामागून पद घेत जाणारी नेहमीची मालिका कोलमडते. १९७४ साली केनेथ विल्सन यांनी अवकाश-काळाची जाळी करून त्यावर हा सिद्धान्त मांडला. तेव्हापासून हे गणित यंत्रावर करण्याची वाट मोकळी झाली.

आधी आकडा ठरवा

'हॅड्रॉनची (म्हणजे प्रोटॉनसारख्या, क्वार्कनी बनलेल्या कणांची) रचना' हा एक प्रश्न नाही. त्यात विद्युतभाराचा पसारा येतो, क्वार्कच्या संवेगाची वाटणी येते, स्पिन येतो, ग्लुऑनचा वाटा येतो. नवख्यानं यातलं एकच धरावं, आणि माझ्या मते ते न्यूक्लिऑनचा (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनचा) ॲक्सियल चार्ज, म्हणजे क्वार्कच्या स्पिनशी निगडित असलेला एक आकडा, असावं. त्याची किंमत न्यूट्रॉनच्या बीटा क्षयावरून नेमकी ठाऊक आहे, सुमारे १.२७५, म्हणजे उत्तर पडताळता येतं. संवेग शून्य ठेवून काम भागतं. शिवाय अपमधून डाऊन वजा केला की ज्या आकृत्यांत क्वार्कचं वेटोळं प्रोटॉनपासून सुटं असतं, त्या सगळ्या कटतात. त्या काढायला सर्वांत महाग असतात. प्रोटॉनच्या त्रिज्येनं सुरुवात करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो का टाळावा, ते पुढं येईलच.

पहिली पायरी : स्प्रिंगला बांधलेला कण

इथं मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. हॅड्रॉनच्या रचनेची सगळी पद्धत, सगळ्या अडचणींसकट, एका मितीतल्या हार्मोनिक ऑसिलेटरवर करून बघता येते.

वस्तुमान, ओमेगा आणि एच-बार तिन्ही १ धरा. काळाचे ४० बिंदू घ्या, दोन बिंदूंमधलं अंतर ०.५ ठेवा आणि शेवटचा बिंदू पहिल्याला जोडा. काळ काल्पनिक घ्यायचा, म्हणजे प्रत्येक मार्गाचं वजन ऋण ॲक्शनचा घातांक होतं. ते खरं आणि धन असल्यामुळं संभाव्यता म्हणून वापरता येतं. खऱ्या काळात तेच वजन वर-खाली हेलकावतं आणि नमुने घेणं अशक्य होतं. मेट्रोपोलिस पद्धतीनं एकेक बिंदू थोडा हलवा, बदल स्वीकारा किंवा नाकारा, आणि मार्गांचे नमुने साठवत चला.

आता दोन बिंदूंचा कोरिलेटर काढा : शून्य क्षणाचा एक्स गुणिले टी क्षणाचा एक्स, त्याची सरासरी. एक्स हा ऑपरेटर तळाच्या अवस्थेतून पहिली उत्तेजित अवस्था निर्माण करतो. ही आपली 'प्रोटॉन' समजा. लागोपाठच्या दोन किमतींच्या गुणोत्तराचा लॉग घेऊन अंतरानं भागला की ऊर्जा मिळते. उत्तर १ नाही, ०.९९ येईल. ती चूक तुमची नाही, जाळीची आहे.

पुढचा भाग महत्त्वाचा. शून्य आणि टी यांच्या मध्ये, टाऊ या क्षणी, एक्सचा वर्ग घाला. हा तीन बिंदूंचा कोरिलेटर. त्याला दोन बिंदूंच्या कोरिलेटरनं भागलं की पहिल्या उत्तेजित अवस्थेतली एक्सच्या वर्गाची सरासरी मिळते. म्हणजे त्या अवस्थेचा आकारच तुम्ही मोजलात. पुस्तकी उत्तर १.५. टी २ आणि टाऊ १ ठेवून, लाखभर नमुने घेऊन बघा : ०.५ अंतरावर उत्तर १.४५५ च्या आसपास येईल. बिंदू ८० करून अंतर ०.२५ केलं तर १.४८८. हे दोन आकडे अंतराच्या वर्गाविरुद्ध मांडून रेषा शून्यापर्यंत न्या, १.५ हाताला लागतं. कन्टिन्युअम लिमिट म्हणतात ती हीच, आणि मोठमोठ्या प्रकल्पांतही ती अशीच काढतात. फक्त तिथं प्रत्येक बिंदूमागं यंत्राचे लाखो तास गेलेले असतात.

एवढ्यावर थांबू नका. पोटेन्शियलमध्ये एक्सच्या चौथ्या घाताचं पद घाला. आता एक्स हा ऑपरेटर तिसरी उत्तेजित अवस्थाही थोडी थोडी निर्माण करू लागेल, आणि टी लहान असेल तर गुणोत्तर सपाट न राहता टाऊबरोबर वाकेल. उपाय सोपा वाटतो, टी वाढवा. वाढवून बघा. संकेत टीबरोबर घातांकी वेगानं घटतो आणि गोंगाट आहे तिथंच राहतो. लहान टीला उत्तर मळलेलं, मोठ्या टीला दिसतच नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच या क्षेत्रातलं रोजचं काम आहे, आणि ते इथं, वीस ओळींच्या प्रोग्रॅमवर, शिकून घेतलेलं बरं.

एरर बारही इथंच शिका. मेट्रोपोलिसनं काढलेले लागोपाठचे नमुने एकमेकांसारखे असतात. गुऱ्हाळात काहिलीच्या एकाच कोपऱ्यात पळी दहादा बुडवून कुणी 'दहा नमुने बघितले' म्हणत नाही, तसंच हे. नमुन्यांचे गठ्ठे करा, गठ्ठ्याचा आकार वाढवत चला आणि एरर बार वाढायचा थांबला की मगच त्यावर विश्वास ठेवा. गुणोत्तराचा एरर जॅकनाइफनं काढा, म्हणजे दर वेळी एक गठ्ठा वगळून गुणोत्तर पुन्हा काढा आणि ते किती हलतं ते बघा. वरच्या आणि खालच्या संख्येचे एरर वेगवेगळे काढून जोडू नका. दोन्ही त्याच नमुन्यांतून आलेल्या असतात.

दुसरी पायरी : ग्लुऑन

चार मितींची जाळी. प्रत्येक बिंदूपासून चार दिशांना चार लिंक, आणि प्रत्येक लिंकवर एसयू(३) गटातलं ३ गुणिले ३ चं कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स. सर्वांत लहान चौकोनाभोवतीच्या चार मॅट्रिक्सचा गुणाकार करून ट्रेस घेतला आणि त्याच्या खऱ्या भागाला ३ नं भागलं की प्लॅकेट मिळतं. विल्सनची ॲक्शन म्हणजे या प्लॅकेटांची बेरीज, पुढं बीटा हा गुणक. कपलिंगच्या वर्गानं ६ ला भागलं की बीटा.

हा भाग एकदा तरी स्वतःच्या हातानं लिहा. चारही मितींत चार-चार बिंदूंची छोटी जाळी पुरे. बीटा अगदी लहान, ०.२ वगैरे ठेवलात तर प्लॅकेटची सरासरी जवळपास बीटा भागिले १८ इतकी यायला हवी. ती आली की मॅट्रिक्सच्या दिशा, कॉन्जुगेट वगैरे जागेवर आहेत असं समजायला हरकत नाही. नव्वद टक्के घोळ तिथंच होतात.

मग तयार सॉफ्टवेअरकडं वळा. ग्रिड हे सी-प्लस-प्लसमधलं पॅकेज आहे आणि त्यावर बसवलेलं पायथॉनचं जीपीटी आहे (गप्पा मारणाऱ्या जीपीटीशी याचं नातं नाही). क्रोमा आणि ओपनक्यूसीडीही खूप वापरली जातात. सगळी फुकट आणि खुली. पायथॉनची सवय असलेल्यांना जीपीटी सोपं जातं.

सरावासाठी १६ चा घन गुणिले ३२ ची जाळी आणि बीटा ६.० घ्या. समुद्री क्वार्क (निर्वातात जोडीनं निर्माण होऊन नष्ट होणारे) सध्या सोडून द्या. याला क्वेंच्ड म्हणतात. संशोधनात आता ते चालत नाही, सरावाला चालतं. बिंदू १,३१,०७२, लिंक ५,२४,२८८, आणि एक कॉन्फिगरेशन साधारण ७५ एमबी. हीटबाथ आणि ओव्हररिलॅक्सेशन या लिंक बदलायच्या दोन पद्धती आळीपाळीनं चालवा. सगळी मॅट्रिक्स एकरूप ठेवून एक धाव आणि पूर्ण विस्कळीत ठेवून दुसरी धाव सुरू करा, दोन्हींचं प्लॅकेट एका जागी येऊन मिळालं पाहिजे : ०.५९३७. चौथा अंक जुळला नाही तर पुढं जाऊ नका.

या बीटाला जाळीतलं अंतर सुमारे ०.०९३ फर्मी असतं, म्हणजे आपली पेटी एका बाजूनं दीड फर्मी. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फर्मी आहे. प्रोटॉन पेटीत कोंबलेला आहे हे लक्षात असू द्या.

तिसरी पायरी : क्वार्क

क्वार्क जाळीवर जसाच्या तसा ठेवला तर चार मितींत एकाचे सोळा होतात. विल्सननी एक जादा पद घालून पंधरा जड करून टाकले, पण त्या बदल्यात कायरल सममिती मोडली. नील्सन आणि निनोमिया यांनी १९८१ मध्ये दाखवलं की या सौद्यातून फुकटात सुटका नाही. स्टॅगर्ड, डोमेन वॉल, ओव्हरलॅप असे पर्याय त्यातूनच आले. सुरुवातीला साधा विल्सन क्वार्क घ्या आणि कप्पा (क्वार्कचं वस्तुमान ठरवणारा आकडा) ०.१५३ ठेवा. पायॉनचं वस्तुमान जाळीच्या एककांत ०.४ च्या थोडं वर येईल, म्हणजे खऱ्या पायॉनच्या सहापट. जड क्वार्कचा फायदा असा की उत्तर लवकर येतं आणि गोंगाट कमी.

प्रॉपगेटर म्हणजे डिरॅक मॅट्रिक्सचा व्यस्त. आपल्या छोट्या जाळीवरही त्यात १५,७२,८६४ ओळी आहेत. अख्खा व्यस्त कुणी काढत नाही. एका बिंदूवर स्रोत ठेवून तीन रंग आणि चार स्पिन मिळून १२ वेळा समीकरण सोडवायचं. एक प्रॉपगेटर ३०० एमबी घेतो. बायकॉन्जुगेट ग्रेडियंट, प्रीकंडिशनर, मल्टिग्रिड हे शब्द इथं भेटतात. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी कास्टिंगचं सिम्युलेशन करणारं ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याकडं एक दुपार बसा. स्पार्स (बहुतेक घटक शून्य असलेली) मॅट्रिक्स का अडते आणि कन्व्हर्जन्सचा आलेख कसा वाचायचा, हे फिजिक्सच्या प्राध्यापकांपेक्षा तिथं लवकर कळतं.

एक खात्रीची चाचणी : बिंदू-स्रोतापासूनचा पायॉन कोरिलेटर प्रत्येक कॉन्फिगरेशनवर, प्रत्येक क्षणी धनच असतो, कारण तो प्रॉपगेटरच्या घटकांच्या वर्गांची बेरीज आहे. एकदा जरी ऋण दिसला तर कोडमध्ये गडबड आहे.

नंतर दोन अप आणि एक डाऊन जोडून प्रोटॉनचा कोरिलेटर करा. बिंदू-स्रोताऐवजी गॉसियन पद्धतीनं पसरवलेला स्रोत घेतला की उत्तेजित अवस्था बऱ्याच कमी होतात. आणि गोंगाटाचा हिशेब एकदा स्वतः मांडा. प्रोटॉनचा संकेत त्याच्या वस्तुमानानं घटतो, तर गोंगाट तीन पायॉनच्या वस्तुमानाच्या निम्म्यानं. खऱ्या वस्तुमानांना हा फरक साधारण ७३० एमईव्ही आहे. म्हणजे काळात एक फर्मी पुढं गेलं की गोंगाट संकेताच्या तुलनेत ४० पट वाढतो. तो भरून काढायला नमुने १६०० पट लागतील. मोठी यंत्रं कशासाठी लागतात याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

चौथी पायरी : प्रोटॉनच्या आत

स्प्रिंगवर केलं तेच इथं. शून्य क्षणी प्रोटॉन निर्माण करा, टी क्षणी नष्ट करा, मधे टाऊ क्षणी एका क्वार्कवर ॲक्सियल करंट ठेवा, आणि दोन बिंदूंच्या कोरिलेटरनं भागा. नवी गोष्ट एवढीच की मधल्या बिंदूपासून सगळीकडं जाणारे प्रॉपगेटर परवडत नाहीत. म्हणून सिक्वेन्शियल स्रोताची युक्ती वापरतात : शेवटच्या टोकाला दोन क्वार्क आधीच जोडून त्यांचाच नवा स्रोत करायचा आणि पुन्हा एकदा समीकरण सोडवायचं. मग मधे कुठलाही ऑपरेटर, कुठल्याही टाऊला, जवळपास फुकट मिळतो. मात्र टी बदलला की खर्च पुन्हा पहिल्यापासून.

ॲक्सियलच्या आधी व्हेक्टर करंट लावून बघा. जतन होणारा व्हेक्टर करंट घेतला तर अप क्वार्क दोन आणि डाऊन एक, असं उत्तर प्रत्येक कॉन्फिगरेशनवर जवळजवळ तंतोतंत आलं पाहिजे. तो नुसता क्वार्क मोजत असतो. इथं १.७ वगैरे दिसलं तर सिक्वेन्शियल स्रोतात गॅमा मॅट्रिक्सची जागा चुकली आहे, एरर बारला दोष देऊ नका.

मग ॲक्सियल. निदान तीन टी घ्या, एक फर्मीच्या आसपास. तिन्हींची गुणोत्तरं एकाच आलेखावर टाऊविरुद्ध मांडा. नवखा माणूस मधला सपाट दिसणारा भाग पकडतो, सरासरी घेतो आणि मोकळा होतो. सपाट दिसणं हा पुरावा नाही. टाऊ मध्यावर असताना दोन्ही बाजूंची भेसळ सारखीच असते, आलेख तिथं आपसूकच सपाट होतो. टी वाढवल्यावरही उंची तीच राहते का, ते बघायचं. कितीतरी वर्षं जगभरातल्या गटांचे आकडे १.२७ च्या खाली येत राहिले, त्यात ही भेसळ आणि लहान पेट्या यांचा मोठा हात होता. अलीकडं फ्लॅग या गटानं लॅटिसच्या निकालांवरून काढलेल्या सरासऱ्या १.२५ ते १.२६ च्या आसपास आहेत आणि एरर बारच्या आत प्रयोगाशी जुळतात.

भेसळ काढायला दोन अवस्थांचा फिट करा, आणि समेशन पद्धतही वापरा. त्यात टाऊवर बेरीज घेऊन टीविरुद्ध उतार काढतात. दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर त्यांतलं प्रयोगाच्या जवळचं उचलायचं नाही. दोन्ही लिहायची.

जाळीवरचा करंट खऱ्या करंटच्या मापात आणायला रिनॉर्मलायझेशनचा गुणक लागतो. सरावात तो तयार घ्या. स्वतः काढणं हे वेगळं, महिनाभराचं काम आहे.

त्यापुढचं, थोडक्यात

आता त्रिज्येकडं. तिच्यासाठी फॉर्म फॅक्टरचा (संवेगाबरोबर बदलणारं, भाराचा पसारा सांगणारं फलन) शून्य संवेगापाशी उतार लागतो. पण पेटीत संवेग हवा तेवढा लहान घेता येत नाही. दीड फर्मीच्या पेटीत सर्वांत लहान संवेग ८३० एमईव्हीच्या घरात पडतो, साडेपाच फर्मीच्या पेटीतही २२५. इतक्या लांबून उतार काढणं म्हणजे अंदाजपंचेच.

पार्टन वितरणं, म्हणजे प्रोटॉनच्या संवेगाचा किती भाग कुठल्या क्वार्ककडं, ही प्रकाशाच्या वेगानं चालणाऱ्या रेषेवर ठरतात आणि आपला काळ काल्पनिक आहे. त्यामुळं बरीच वर्षं त्यांचे पहिले दोन-तीन मोमेंट (संवेगाच्या वाट्याच्या घातांच्या सरासऱ्या) काढण्यावरच भागवावं लागलं. २०१३ मध्ये शियांगडाँग जी यांनी वेगानं धावणाऱ्या प्रोटॉनवर अवकाशातलं अंतर घेऊन तिथं पोचायची वाट दाखवली, २०१७ मध्ये अनातोली रॅड्युश्किन यांनी त्याच जातीची दुसरी. वाचा जरूर. हात घालायची घाई नको.

पेटी पुरेशी मोठी आहे का यासाठी एक नियम सांगतात : पायॉनचं वस्तुमान गुणिले पेटीची लांबी ४ च्या वर हवी. आपल्या सरावाच्या पेटीत हा गुणाकार साडेसहाच्या पुढं जातो आणि तरीही पेटी दीड फर्मीचीच आहे. नियम पायॉनपुरता आहे, प्रोटॉनला जागा किती ते तो सांगत नाही.

यंत्र, वीज आणि माणसं

१६ जीबी मेमरीचा लॅपटॉप वरच्या सगळ्या सरावाला पुरतो. जुनं गेमिंग ग्राफिक्स कार्ड मिळालं तर क्यूडा (QUDA) हे पॅकेज बसवून वेग बराच वाढवता येतो. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक कॉन्फिगरेशननंतर ते आणि रँडम जनरेटरची स्थिती, दोन्ही डिस्कवर लिहा. नुसतं कॉन्फिगरेशन लिहिलं तर धाव जशीच्या तशी पुन्हा सुरू होत नाही.

समुद्री क्वार्कसह खरी कॉन्फिगरेशनं स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. ती १९८७ साली मांडलेल्या हायब्रिड मॉन्टे कार्लो पद्धतीनं मोठे गट बनवतात आणि बरीचशी इंटरनॅशनल लॅटिस डेटा ग्रिडमार्फत वाटतात. ६४ चा घन गुणिले १२८ चं एक कॉन्फिगरेशन पूर्ण अचूकतेत १९ जीबी भरतं. अशी शंभर उतरवण्यापेक्षा हार्ड डिस्क घेऊन पुण्याला एसटीनं जाऊन येणं लवकर होईल, आणि हा विनोद नाही.

पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत लॅटिसवर काम करणारा जुना गट आहे. अशा यंत्रांवर एकट्या विद्यार्थ्यानं वेळ मागण्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या गटाबरोबर जाणं सोपं. विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या सरांना, मॅडमना प्रकल्पाचं मार्गदर्शक व्हायला विचारा. त्यांचा विषय मटेरियल्सचा असला तरी काही बिघडत नाही. गणित तपासायला लॅटिसचंच माणूस लागतं असं नाही, आणि आपल्याकडं प्रयोगशाळेत वाढलेले लोक एरर बारच्या बाबतीत थिअरीवाल्यांपेक्षा कडक असतात.

पहिला अहवाल

गटाला ईमेल करताना चारेक पानांचा अहवाल जोडा. स्प्रिंगवरचा अंतराच्या वर्गाविरुद्धचा आलेख, प्लॅकेटचा आकडा एरर बारसह, पायॉन आणि प्रोटॉनची इफेक्टिव्ह मास (लागोपाठच्या कोरिलेटरांच्या गुणोत्तराच्या लॉगमधून येणारं वस्तुमान), आणि तीन टींची गुणोत्तरं एकाच चित्रात. खाली बीटा, कप्पा, कॉन्फिगरेशनांची संख्या, दोन कॉन्फिगरेशनांमध्ये किती स्वीप सोडले, गठ्ठ्याचा आकार आणि रँडम बीज. ॲक्सियल चार्जचा आकडा प्रयोगाशी जुळला नसेल, जुळणारही नाही, कारण क्वार्क जड आहेत आणि पेटी लहान. तो तसाच लिहा, आणि शेजारी कुठल्या कारणानं कुठल्या दिशेला सरकला असेल ते एका परिच्छेदात मांडा. वाचणारा सगळ्यांत आधी तोच परिच्छेद वाचतो. कोडची लिंक द्या. गुणपत्रिका मागितली तरच पाठवा.